सर्व धर्मांच्या सणांचे शालेय पत्रक: मराठवाड्यातील माहिती हवी आहे

मांजरातीर (धागाकर्ता)

नमस्कार. लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमची माध्यमिक शाळा आहे आणि येत्या वर्षाचे नियोजन करण्याचे काम मुख्याध्यापकांनी माझ्याकडे सोपवले आहे. घटक चाचण्या, सहामाही, सहल, स्नेहसंमेलन, पालक सभा या सगळ्यांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवाव्या लागतात. शासनाचे सार्वजनिक सुट्ट्यांचे परिपत्रक आणि जिल्ह्याची यादी माझ्यासमोर आहे; तरीही काम पुढे सरकत नाही, कारण सुट्टीच्या दिवशी शाळा बंदच असते आणि त्या दिवसाची अडचण कोणालाच नसते. अडचण असते ती ज्या दिवशी शाळा चालू असते आणि घरी मात्र काही पाळले जात असते, त्या दिवसांची.

आमच्या वर्गांत वारकरी घरांतली मुले आहेत, लिंगायत आहेत, बौद्ध आहेत, मुस्लिम आहेत, मारवाडी जैनांची चार-दोन घरे आहेत आणि तांड्यावरून सायकलने येणाऱ्या बंजारा मुली आहेत. रोजा असलेल्या मुलाची भर दुपारी धावण्याची शर्यत ठेवायची का, ज्या मुलीच्या घरी सूर्यास्तानंतर जेवत नाहीत तिला संध्याकाळी सात वाजेपर्यंत नाटकाच्या तालमीसाठी थांबवायचे का, असे प्रश्न परिपत्रक पाहून सुटत नाहीत. म्हणून प्रत्येक सणापुढे त्या दिवशी घरात नेमके काय चालते, हे एका ओळीत लिहिलेले पत्रक करावे असा विचार आहे. आपापल्या भागातील आणि आपापल्या घरातील माहिती कृपया द्यावी. पुस्तकातली माहिती मी शोधून घेईन. मला हवी आहे ती आपल्या मराठवाड्यात प्रत्यक्ष पाळली जाणारी रीत.

एक उपप्रश्न असा की मुस्लिम सणांच्या तारखा दरवर्षी बदलतात, तर पुढच्या दोन-तीन वर्षांचा अंदाज बांधण्याची काही सोय आहे का?

---

पंचांगवाचक

गुरुजी, उपप्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर हाती आले की आपले अर्धे पत्रक तयार होईल.

हिजरी महिना आणि आपला महिना हे दोन्ही चांद्र आहेत. अमावस्येनंतर आपली प्रतिपदा लागते आणि साधारण त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी चंद्रकोर दिसून हिजरी महिन्याचा पहिला दिवस सुरू होतो. त्यामुळे हिजरी महिन्याची दहा तारीख कोणत्या ना कोणत्या शुद्ध दशमी-एकादशीच्या आसपासच येणार आणि बारा तारीख शुद्ध त्रयोदशी-चतुर्दशीच्या आसपास. फरक एवढाच की चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे असल्याने ऋतूंशी मेळ राखण्यासाठी आपण साधारण दर ३२-३३ महिन्यांनी अधिक मास धरतो, तर महिना असा पुढे-मागे करण्याला कुराणात मनाई असल्याने हिजरी वर्षात तो धरत नाहीत. म्हणून दोन अधिक मासांच्या मधल्या काळात दोन्हींचे सण जोडीने चालतात आणि अधिक मास आला की ही जोडी एका महिन्याने सुटून पुढची नवी जोडी जमते.

उदाहरणे आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोरची आहेत. २०२० मध्ये अधिक आश्विन आला होता. त्यानंतर २०२१, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षी रमजान ईद आणि अक्षय तृतीया एकाच दिवशी आल्या: १४ मे, ३ मे आणि २२ एप्रिल. त्याच हिशेबाने बकरी ईद आषाढी एकादशीपाशी येऊन बसली. २०२१ मध्ये एकादशी २० जुलैला आणि ईद २१ जुलैला होती, तर २०२२ मध्ये १० जुलैला आणि २०२३ मध्ये २९ जूनला दोन्ही एकाच दिवशी आल्या. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि गाडी एक महिना सरकली. पुढे २०२४ मध्ये गुढीपाडवा ९ एप्रिलला आणि रमजान ईद ११ एप्रिलला, २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला आणि ईद ३१ मार्चला. भाद्रपदात अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद यांची गाठही याच काळात पडली: २०२३ मध्ये दोन्ही २८ सप्टेंबरला आल्या, तर २०२४ आणि २०२५ मध्ये मिलाद चतुर्दशीच्या आदल्या दिवशी होती.

आता २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून असा अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे गणपती विसर्जन आणि मिलाद यांची गाठ २०२६ पासून सुटते आणि मिलाद श्रावणात, राखी पौर्णिमेच्या जवळपास जाते. आपण पत्रकात हिजरी सण आपल्या शेजारच्या तिथीसोबत मांडून ठेवा आणि तारखेपुढे "चंद्रदर्शनानुसार एक दिवस मागे-पुढे" असे लिहा. अधिक मासाचे वर्ष लक्षात ठेवले की शिपायालाही पुढचा अंदाज सांगता येईल.

---

तेरणाकाठ

मांजरातीर सर, आपण लातूरचे म्हणजे आपल्या पत्रकात पहिली ओळ वेळ अमावस्येची हवी. आमच्याकडे तिला येळवस म्हणतात आणि लातूर व धाराशिव या जिल्ह्यांत जिल्हाधिकारी आपल्या अधिकारातील स्थानिक सुट्टी या दिवसाला देतात, हे आपल्याला ठाऊकच आहे. पुण्या-मुंबईच्या लोकांना हा सण सांगूनही पटत नाही, कारण त्यांच्या दिनदर्शिकेत मार्गशीर्ष अमावस्येच्या चौकोनात फार तर एक काळा ठिपका असतो.

परंतु सुट्टी एका दिवसाची आणि काम तीन दिवसांचे असते, हे आपण नियोजनात धरावे. आंबील आदल्या दिवसापासून आंबवावे लागते. ज्वारीचे पीठ ताकात कालवून, लसूण घालून ते नव्या बिंदगीत (मातीच्या घागरीत) भरून ठेवतात. भज्जीसाठी तुरीचे, वाटाण्याचे आणि ओल्या हरभऱ्याचे दाणे सोलायचे असतात आणि हे सोलण्याचे काम घरातल्या शाळकरी मुलामुलींकडेच असते. उंडे, तिळाच्या पोळ्या आणि गव्हाची खीर रात्रीतून होते. सकाळी डोक्यावर बिंदगी घेऊन सगळे घर रानात निघते. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करून तिच्यात चुना लावलेले दगडांचे पाच पांडव मांडतात, पूजा झाली की "ओलगे ओलगे सालम पलगे" असे म्हणत कोपीभोवती आणि रानात आंबील शिंपडतात आणि मग पंगती बसतात. ज्याचे शेत नाही त्याला शेत असलेल्याचे आवतन असते. जातीचा किंवा धर्माचा प्रश्नच येत नाही. आमच्या बांधाला लागून असलेल्या शेतात मुस्लिम कुटुंबाची कोप दरवर्षी आमच्या आधी उभी राहते आणि त्यांची भज्जी आमच्यापेक्षा तिखट असते. दिवस मावळताना पेटता हेंडगा (मशाल) घेऊन पोरे गव्हाच्या रानाभोवती धावतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला वर्ग अर्धा रिकामा असतो आणि जो अर्धा येतो तो पेंगत असतो. त्या दिवशी चाचणी ठेवू नये, एवढीच विनंती.

तारखेचे म्हणाल तर ती डिसेंबर-जानेवारीच्या सांध्यावर हेलकावे खाते. २०२४ या एकाच इंग्रजी वर्षात ११ जानेवारीला एक येळवस झाली आणि ३० डिसेंबरला दुसरी. नेमका हाच काळ शाळांच्या स्नेहसंमेलनांचा असतो.

---

रोखठोक

चर्चा वाचून आनंद झाला, पण एक विरोधी मत नोंदवतो. राज्याच्या यादीत वर्षाला चोवीसच्या आसपास सार्वजनिक सुट्ट्या असतात, त्यांत स्थानिक सुट्ट्या, दिवाळी आणि उन्हाळा मिळवला तर शिकवायला किती दिवस उरतात याचा हिशेब मुख्याध्यापकांनाच विचारावा. त्यावर आता प्रत्येक उपवासाचा आणि प्रत्येक यात्रेचा विचार करून चाचणी पुढे ढकलायची म्हटले तर अभ्यासक्रम पूर्ण होणार नाही. शाळेने शासनाची यादी पाळावी. घरचे घरी राहू द्यावे. आमच्या लहानपणी एकादशीचा उपवास करूनच आम्ही परीक्षा दिल्या आहेत.

---

खामनदी

रोखठोक साहेब, आपला मुद्दा अभ्यासक्रमाच्या बाबतीत रास्त आहे आणि मी स्वतः शिक्षक असल्याने तो मला समजतो. परंतु धागाकर्त्यांनी सुट्टी मागितलेली नाही, माहिती मागितली आहे. रमजानच्या महिन्यात एकही जादा सुट्टी न देता शाळा नीट चालवता येते. त्यासाठी तासिकांची मांडणी तेवढी बदलावी लागते.

रोजाचा दिवस पहाटे सहरीने सुरू होतो आणि सूर्यास्ताला इफ्तारने संपतो. मधल्या वेळात पाणीही चालत नाही. रात्री तरावीहची नमाज असते, तिला मोठी मुले जातात आणि परतून झोपायला उशीर होतो. त्यामुळे सकाळच्या पहिल्या दोन तासिकांत मूल सर्वांत ताजेतवाने असते आणि दुपारी दोननंतर त्याचे लक्ष उडते. गणित आणि विज्ञान सकाळी घ्यावे, खेळाचा तास शेवटी ठेवू नये आणि पोषण आहाराची खिचडी वाटताना रोजेदार मुलांना ग्रंथालयात बसू द्यावे, एवढे पुरते. रोजा वयात आलेल्यांवर फर्ज, म्हणजे बंधनकारक आहे. आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत आहे, ती पुढे भरून काढता येते. लहान मुले हौसेने एखाद-दुसरा रोजा धरतात आणि पहिल्या रोज्याला घरी हार घालून त्यांचे कौतुक होते. अशा दिवशी शिक्षकांनी मुलाला बळेच पाणी पाजू नये, तसेच मूल खरोखर गळून गेले तर घरी निरोप धाडण्यास संकोचही करू नये. २०२५ मध्ये दहावीची परीक्षा चालू असतानाच रमजान लागला होता आणि आमच्या केंद्रावरच्या अनेक मुलामुलींनी रोजे धरून पेपर दिले. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकत असल्याने तो आता थंडीकडे चालला आहे; येळवसचे जसे २०२४ मध्ये झाले तसेच रमजानचे २०३० मध्ये होईल, म्हणजे जानेवारीत एकदा सुरू होईल आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा.

मोहरमबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण शासनाच्या यादीत तो एका दिवसाचा दिसतो आणि आमच्या खेड्यांत तो दहा दिवसांचा असतो. चंद्र दिसला की आशूरखान्याची रंगसफेदी होते, पेटीतले पंजे बाहेर काढून घासूनपुसून बसवतात आणि समोर अलाव्याचा खड्डा खणला जातो. नवस बोललेली घरे चोंगे आणि मलिदा घेऊन येतात. सवारी, म्हणजे पंजांची मिरवणूक, उठते त्या रात्री ढोलाच्या आवाजाने गाव जागे असते आणि ती धरण्याचा मान कित्येक गावांत पिढ्यान्‌पिढ्या हिंदू घराण्याकडे आहे. मुस्लिमांचे एकही घर नसलेल्या गावांतही सवाऱ्या बसतात. मात्र सगळीच मुस्लिम कुटुंबे हे मानतात असे समजू नये. अनेकांच्या मते सवाऱ्या आणि ढोल यांना धर्मात आधार नाही; ते नववी-दहावीचे रोजे ठेवतात, सरबत वाटतात आणि करबलाचे प्रवचन ऐकतात, आणि शिया कुटुंबांसाठी तर हे दिवस शोकाचे असतात. म्हणून आशूऱ्याच्या (मोहरमच्या दहाव्या) दिवशी कोणालाही मोहरमच्या शुभेच्छांचे संदेश पाठवू नयेत. चांगल्या मनाने पाठवले जातात, पण वाचणाऱ्याला ते टोचतात.

जाता जाता, परभणीच्या तुराबुल हक साहेबांचा उरूस पंचांगवाचकांच्या हिशेबात बसत नाही. तो इंग्रजी तारखेनुसार दरवर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरतो आणि त्या काळात परभणीकडच्या मुलांची उपस्थिती कमी होते. उलट खुलताबादचे सूफी संत जर जरी जर बख्श यांचा उरूस रबीउल अव्वलमध्ये येतो, आणि त्याच महिन्याच्या बारा तारखेला तेथे प्रेषितांच्या मानल्या जाणाऱ्या पवित्र पोशाखाच्या दर्शनासाठी गर्दी होते. खुलताबादलाच भद्रा मारुतीही आहे; हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री संभाजीनगरहून पायी जाणाऱ्यांची रांग घाटात लागलेली असते. त्या भागातील शाळांनी या दोन्ही गर्दींचे दिवस टिपून ठेवलेले बरे.

---

जिंतूरची

गुरुजींनी सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या मुलीचा उल्लेख केला आहे, म्हणून मला लिहावेसे वाटले. जैनांच्या पर्युषणाचे दोन काळ आहेत. श्वेतांबरांचे आठ दिवस भाद्रपद शुद्ध चतुर्थी-पंचमीला संवत्सरीने संपतात, तर आम्हा दिगंबरांची दशलक्षण पर्वाची सुरुवात पंचमीला होते आणि अनंत चतुर्दशीला ती पूर्ण होते. म्हणजे ज्या दहा दिवसांत शाळेत गणपती असतो, नेमके तेच दहा दिवस आमच्या घरी सर्वांत कडक असतात. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य; काही जण दिवसातून एकदाच जेवतात, काही जण फक्त उकळलेल्या पाण्यावर राहतात. शाळेच्या गणपतीचा मोदक नाकारणारी मुलगी प्रसादाचा अवमान करत नसते, एवढे शिक्षकांना ठाऊक असावे. संध्याकाळच्या तालमी या दहा दिवसांत नकोत. आणि इतर दिवशीही आमच्या मुलींना सूर्यास्तापूर्वी डबा खाण्यापुरती मोकळीक मिळाली तर त्या आनंदाने थांबतील.

पत्रकात कार्तिक पौर्णिमेला कचनेरची यात्राही लिहावी. चिंतामणी पार्श्वनाथाच्या दर्शनाला पायी जाण्याची रीत आहे आणि शाळकरी मुलेही आई-वडिलांबरोबर चालतात.

---

नांदेडवासी

कार्तिक पौर्णिमेचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करू. त्या दिवशी आमच्या नांदेडला गुरुद्वाऱ्यात गुरू नानक जयंती असते, त्यामुळे यादीत त्या दिवशी सुट्टी दिसते. त्याच दिवशी बीडजवळ कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीची यात्रा असते आणि तिच्यासाठी आमच्या गावातील लिंगायत दिंडी अनेक दिवस आधीच निघालेली असते. त्यात कचनेरची भर पडली. म्हणजे एकाच पौर्णिमेला शीख, लिंगायत आणि जैन अशी तीन वाटांची माणसे मराठवाड्यात चालत असतात आणि घरोघरच्या त्रिपुरी पौर्णिमेच्या वाती वेगळ्याच. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते तो हाच सुमार असतो. मुले उशिरा उगवतात त्याला केवळ आळस कारण नसतो.

नांदेडपुरते बोलायचे तर दोन दिवसांची नोंद अवश्य घ्यावी. १७०८ मध्ये दशम गुरू गोविंदसिंहजींनी येथे गुरूपदाची गादी ग्रंथसाहिबाकडे सोपवली आणि येथेच त्यांचे देहावसान झाले, म्हणून तख्त सचखंड हजूर साहिबला पंजाबातून, दिल्लीतून आणि परदेशातून संगत येते. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीची तीनशे वर्षे साजरी झाली तेव्हा शहराचे रस्तेच बदलून गेले. होळीच्या दुसऱ्या दिवशी सगळा महाराष्ट्र धुळवड खेळत असतो, तेव्हा येथे होला मोहल्ल्याची मिरवणूक निघते. निशाण साहिब, घोडे, शस्त्रधारी निहंग, कीर्तनी जथे आणि शेवटी हल्लाबोल. त्या दिवशी गुरुद्वारा परिसरातील वाहतूक वळवलेली असते. दुसरा दिवस दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या तख्तस्नानाचा. भाविक गोदावरीच्या घाटावरून गागरी भरून आणतात आणि त्या पाण्याने तख्त आणि गुरूंची शस्त्रे धुतली जातात. पहाटेपासून ओल्या पायांची रांग नदीपासून गुरुद्वाऱ्यापर्यंत लागलेली असते आणि तीत पगडीवाले जितके असतात तितकेच टोपीवाले आणि नऊवारी नेसलेल्या आमच्या गल्लीतील आजीबाईही असतात.

सहल नांदेडला आणणार असाल तर हे दोन दिवस टाळावेत. एरवी लंगरमध्ये दोनशे मुलांच्या जेवणाची काळजी करण्याचे कारण नाही. डोके झाकायला प्रत्येकाकडे रुमाल असावा, तंबाखूची पुडी कोणाच्याही खिशात नसावी आणि चालकालाही हे आधी बजावून ठेवावे.

---

धम्मवाट

वरील सर्व प्रतिसादांतून चंद्राचे सण आले; मी दोन पक्क्या तारखांविषयी लिहितो.

१४ जानेवारीला शाळाशाळांत तीळगूळ वाटला जातो. मराठवाड्यातील आमच्या घरांसाठी तो नामविस्तार दिन आहे. १९७८ च्या जुलैमध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधल्या वर्षांत काय झाले ते आपल्या भागातील वयस्क माणसांना सांगावे लागत नाही. गावे जळाली, माणसे गेली. त्या दिवशी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी अभिवादनासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून लोक येतात आणि मुलांना आवर्जून सोबत आणतात. आमच्या घरी संक्रांत पाळत नाहीत. मुलाने तीळगूळ घेतला काय किंवा न घेतला काय, त्यावरून त्याला वर्गात उभे करून कारण विचारू नये. माझ्या शाळकरी दिवसांत एका शिक्षकांनी तसे विचारले होते आणि सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता.

दुसरी तारीख १४ ऑक्टोबर. १९५६ साली नागपूरच्या धम्मदीक्षेचा दिवस विजयादशमीचा होता. त्यामुळे काही जण धम्मचक्र प्रवर्तन दिन दसऱ्याला पाळतात, काही १४ ऑक्टोबरला आणि बरीच कुटुंबे दोन्ही दिवशी. पत्रकात दोन्ही नोंदी असाव्यात. याशिवाय आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. विहारात ग्रंथवाचन चालते आणि पौर्णिमेला पांढरी वस्त्रे घालून अष्टशील घेणारे उपासक दुपारनंतर जेवत नाहीत. विद्यार्थ्यांत हे कमी, पण शिक्षकांत आणि पालकांत आढळते. पालक सभा पौर्णिमेच्या संध्याकाळी ठेवली तर आमच्या आया येणार नाहीत.

---

रोखठोक

धम्मवाट यांचा प्रतिसाद वाचला. तीळगुळावरून मुलाला कारण विचारू नये हे मला पूर्ण मान्य आहे आणि त्याला अभ्यासक्रमाचा एक तासही लागत नाही. माझा आक्षेप चाचण्या पुढे ढकलण्यापुरता होता आणि तो कायम आहे. पालक सभेच्या तारखेबाबतही हरकत नाही, ती कोणत्याही शनिवारी घेता येते.

---

कुंडलिकाकाठ

जालन्याहून लिहितो. आम्हा ख्रिस्ती लोकांचा नाताळ सर्वांना माहीत आहे, पण त्याआधीचा आगमनकाळ आणि ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ कोणाच्या ध्यानात नसतो. भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंत, मधले रविवार वगळून, चाळीस दिवस होतात. काही घरांत त्या काळात मांसाहार सोडतात आणि लग्नकार्य करत नाहीत. २०२५ मध्ये रमजान २ मार्चला सुरू झाला आणि भस्म बुधवार ५ मार्चला होता, त्यामुळे आमच्या गल्लीत दोन्ही घरांचे उपवास एकदमच चालू होते. ईस्टरही चंद्रावरच ठरतो, हे पंचांगवाचकांना आवडेल: २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्यानंतरचा रविवार घ्यायचा. म्हणून शुभ शुक्रवार पुष्कळदा हनुमान जयंतीच्या मागे-पुढे येतो. तो आनंदाचा दिवस नसतो, त्यामुळे "हॅपी गुड फ्रायडे" असा फळा कोणी लिहू नये.

---

पंचांगवाचक

कुंडलिकाकाठ यांनी आठवण दिली म्हणून एप्रिल २०२२ चा पंधरवडा मांडतो. २ एप्रिलला गुढीपाडवा, ३ एप्रिलला रमजानचा पहिला रोजा, १४ एप्रिलला आंबेडकर जयंती, महावीर जयंती आणि वैशाखी एकत्र, १५ ला शुभ शुक्रवार, १६ ला हनुमान जयंती आणि १७ ला ईस्टर. नियोजन करणाऱ्याने असा पंधरवडा समोर ठेवून आपले पत्रक तपासावे. त्यात जे टिकेल ते कोणत्याही वर्षी टिकेल.

संक्रांतीबाबत थोडी पुस्ती जोडतो. ती सूर्यावर असल्याने १४ जानेवारीला पक्की आहे असा समज आहे, परंतु आपण धरतो ते निरयन (ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेले) वर्ष ऋतुवर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे असल्याने साधारण ७० वर्षांत ती एक दिवस पुढे जाते. अलीकडे २०२३ आणि २०२४ मध्ये ती १५ जानेवारीला होती. नामविस्तार दिन मात्र १४ लाच राहणार, तेव्हा हे दोन दिवस हळूहळू आपोआप वेगळे होत जातील.

निजामाच्या काळात आपल्याकडे शुक्रवारी साप्ताहिक सुट्टी असे आणि महसुली कागदांवर फसली सन लिहिला जाई, हे आता किती जणांना आठवते कोण जाणे. इसवी सनातून ५९० वजा केले की फसली सन मिळतो. आमच्या वडिलांच्या पिढीला घरात शके, कचेरीत फसली, मशिदीच्या दारावर हिजरी आणि रेल्वेच्या वेळापत्रकात इंग्रजी अशा चार कालगणना एकाच दिवशी वाचाव्या लागत आणि त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

---

तांड्याची लेक

गुरुजी, बंजारा मुलींचा उल्लेख आपण केलात म्हणून लिहिते. श्रावणात आमच्या तांड्यावर तीज असते. कुमारिका टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालून गाणी म्हणतात आणि शेवटच्या दिवशी ते विसर्जन करताना हुंदके देऊन रडतात. त्या दिवसांत मुली संध्याकाळी घरी लवकर पोहोचल्या पाहिजेत. दिवाळीच्या अमावस्येला मुली हातात दिवा घेऊन नाईकाच्या घरापासून प्रत्येक दारी मेरा मागत जातात, पण तेव्हा शाळेला सुट्टीच असते. १५ फेब्रुवारीची सेवालाल महाराज जयंती मात्र लिहून ठेवावी, कारण दहावी-बारावीचे दिवस जवळ असले तरी तांड्यावरचे कोणीही त्या दिवशी घराबाहेर पडत नाही. ऊसतोडीला गेलेल्या आई-वडिलांबरोबर जी मुले कारखान्यावर असतात, त्यांचे सगळेच सण कोपीवर होतात. त्यांच्यासाठी पत्रक कोण करणार, हा माझा प्रश्न आहे.

---

मांजरातीर (धागाकर्ता)

सर्वांचा मनापासून आभारी आहे. मुख्याध्यापकांशी बोलून काही गोष्टी ठरवल्या आहेत, त्या येथे नोंदवतो म्हणजे कोणाला हरकत असल्यास वेळेवर कळेल. रोखठोक साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे चाचण्यांची एकूण संख्या आणि आठवडे तेच राहतील. येळवसच्या दुसऱ्या दिवशी मात्र पेपर ठेवणार नाही. रमजानमध्ये गणित-विज्ञान सकाळी आणि खेळाचा तास दुसऱ्या तासिकेला जाईल. स्नेहसंमेलनाच्या तालमी दुपारच्या सत्रातच उरकतील, त्यामुळे जिंतूरच्या ताईंची आणि तांड्याच्या ताईंची अशा दोन्ही अडचणी एकदम सुटतात. १४ जानेवारीला परिपाठात नामविस्ताराची माहिती दिली जाईल आणि तीळगूळ मधल्या सुट्टीत, ज्याला हवा त्याने घ्यावा असा ठेवला जाईल. पत्रकात प्रत्येक सणापुढे "घरात काय पाळतात" असा रकाना आणि मोहरम व शुभ शुक्रवार यांच्यापुढे "शुभेच्छा देऊ नयेत" अशी टीप असेल.

ऊसतोडीच्या मुलांचा प्रश्न मात्र या पत्रकात बसत नाही. आमच्या शाळेतील अशी मुले दिवाळीनंतर जातात ती पाडव्याच्या आसपास परततात. ज्या कारखान्यांवर ती जातात, तेथील जवळच्या शाळांशी संपर्क असलेले कोणी येथे असल्यास कृपया मला निरोप पाठवावा. त्यांची हजेरी आणि त्यांच्या चाचण्या यांचे नियोजन मला वेगळे करायचे आहे आणि ते दिवाळीपूर्वी हातावेगळे व्हायला हवे.

---

तेरणाकाठ

सर, माझी धाकटी जाऊ पश्चिम महाराष्ट्रातील एका कारखान्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे आणि तिच्या वर्गात दर हंगामाला आपल्याकडची मुले असतात. आज रात्री तिच्याशी बोलून आपल्याला निरोप पाठवते. येळवसच्या दिवशी ती मुले कारखान्यावरच कडब्याऐवजी उसाच्या पाचटाची कोप करतात, असे तिने मागे सांगितले होते. तेव्हा तो दिवस तिच्या शाळेच्या पत्रकातही घालायला सांगते.